धाबळी आणि किल्ट

मुंबईंत लोंकरीचें वस्त्र म्हणजे एक गैरसोयच. बारा महिन्यांपैकीं अकरा महिने येथें घाम पुसण्यांत जातात आणि उरलेल्या एकांतही पहाटे अंगावर साधी चादर पुरते. त्यांतून आमचें नायगांव म्हणजे कापसाचें माहेरघर. सभोंवार सुताच्या गिरण्या, त्यांच्या भोंग्यांवर उठणाऱ्या व निजणाऱ्या चाळी, आणि पाळी संपवून घरीं परतणाऱ्या माणसांच्या केसांत अडकलेला कापसाचा भुगा, हें पाहतच माझें आयुष्य गेलें. १९८२ च्या संपानें ते भोंगे बहुतेक थांबविले आणि पुढें गिरण्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. तथापि कापड हातीं आलें कीं बोलण्यापूर्वीं त्याचा पोत चिमटींत धरून पाहणारीं माणसें आमच्या मजल्यावर अजून आहेत. अशा वस्तींत गेले चार महिने लोंकरीखेरीज दुसरा विषय नाहीं, आणि ह्या प्रकरणाचा आरंभ माझ्यासारख्या निवृत्त संस्कृत-शिक्षकाच्या घरीं झाला, हें ऐकून वाचकांस थोडें नवल वाटेल.

माझा भाचा गेलीं कित्येक वर्षें स्कॉटलंडांत एडिंबरो येथें असतो. त्याच्या मुलाची मुंज येत्या वैशाखांत दादर येथें करावयाची ठरली आहे. मुंजीचें सर्व साहित्य येथें मिळतें. त्याची चिंता नाहीं. चिंता पुढची. मुलगा मुंजीनंतर परत तिकडे जाणार, आणि तिकडच्या थंडींत सकाळीं सुती पंचा नेसून संध्येस बसणें त्याच्यानें होणार नाहीं. भाच्यानें विचारलें, "मामा, आजोबा नेसत तशी धाबळी त्याला द्यावी असें मनांत आहे. तशी आतां कोठें मिळते का? कीं इकडचें किल्टचें लोंकरी कापडच आणून नेसवूं?" आणि मग जरा थांबून म्हणाला, "एक मात्र आहे. त्याची कातडी फार नाजूक आहे. टोचणारें कांहीं दिलें तर तो धाबळीबरोबर संध्याही टाकील."

हें शेवटचें वाक्य माझ्या मनांत रुतून बसलें. संध्या आणि लोंकरीचें टोचणें यांचा संबंध कोणत्याही धर्मशास्त्रकारानें लिहून ठेवलेला नाहीं. परंतु मुलांच्या संगतींत जन्म घालविलेल्या माणसास एवढें कळतें कीं, लहानपणीं जें वस्त्र अंगास खुपतें त्याबरोबरचें कर्महि मनास खुपूं लागतें. तेव्हां प्रश्न वरवर कापडाचा दिसला तरी हलका नव्हता. मीं भाच्यास सांगितलें, तिकडचे तुकडे मला पाठव, इकडचे मी गोळा करतों. दोहोंची परीक्षा करूं आणि मग ठरवूं.

तरुण वाचकांपैकीं कित्येकांनीं धाबळी पाहिलीहि नसेल. धाबळी म्हणजे सोवळ्यांत नेसावयाचें लोंकरीचें वस्त्र. रेशमी मुकटा अथवा पीतांबर ज्यांस परवडे ते तो नेसत. इतरांच्या घरीं धाबळी असे. सुती वस्त्र सोवळ्यास रोज धुवून वाळवावें लागतें, आणि कोंकणच्या पावसाळ्यांत तें दोन-दोन दिवस वाळत नाहीं. लोंकर व रेशीम यांस मात्र ओवळेपण सहसा बाधत नाहीं अशी समजूत असल्यामुळें धाबळी वलणीवर उंच, काठीनें टाकलेली असे आणि काठीनेंच उतरविली जाई. आमच्या वडिलांची धाबळी पांढरी होती. पुढें ती तुपाच्या रंगावर गेली. तिला कसर लागून शेवटीं तिची जाळी झाली, आणि नवी घ्यावी असें घरांत कोणास सुचलें नाहीं, कारण तोंपर्यंत ती नेसणाराच उरला नव्हता.

आतां किल्ट. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचें, पुढें सपाट व मागें दाट चुण्या घातलेलें स्कॉटिश पुरुषांचें वस्त्र तें किल्ट, आणि तें ज्या चौकड्यांच्या लोंकरी कापडाचें करतात तें टार्टन. हा वेष महाराष्ट्रास अगदींच अनोळखी नाहीं. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर वेलस्लीच्या फौजेंत ७४ वी व ७८ वी अशा दोन हायलंडर पलटणी आपल्या सैन्याशीं लढल्या. आणि १८५७ च्या धामधुमींत उत्तरेकडील लोक अशा शिपायांस 'घागरा पलटण' म्हणत. घागरा हा शब्द थट्टेचा खरा, पण मूळचा किल्ट घागऱ्यापेक्षां आपल्या धोतराच्या अधिक जवळचा होता. जुना मोठा किल्ट म्हणजे न शिवलेलें चार-पांच वार लांबीचें कापड. तें जमिनीवर पट्ट्यावर पसरावयाचें, हातानें निऱ्या घालावयाच्या, त्यावर निजून पट्टा आवळावयाचा, आणि उरलेला वरचा भाग खांद्यावर घ्यावयाचा. रोज निऱ्या घालणाऱ्या माणसास हें वर्णन वाचून आपलेपणा वाटल्यावांचून राहत नाहीं. अठराव्या शतकांत वरचा भाग गळाला, निऱ्या शिवून पक्क्या झाल्या, आणि आजचा लहान किल्ट प्रचारांत आला.

ह्या वस्त्राचा इतिहास मला फार बोलका वाटला. १७४६ सालीं कलोडनच्या लढाईंत हायलंडवासीयांचा मोड झाल्यावर त्यांचा वेष सरकारनें कायद्यानें बंद केला. सैन्यांतील शिपायांस तेवढी मोकळीक होती. ही बंदी १७८२ सालीं उठली. छत्तीस वर्षें म्हणजे दीड पिढी. एवढ्या काळांत एखादें वस्त्र कायमचें विसरलें जावें. परंतु पलटणींसाठीं कापड लागतच होतें आणि बॅनकबर्न येथील विल्सन यांच्यासारखे विणकर तें विणीत होते. त्यांनीं १८१९ सालीं आपल्या नमुन्यांची धाग्यांच्या मोजणीसह वहीच करून ठेविली. १८२२ सालीं चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हां सर वॉल्टर स्कॉटच्या पुढाकारानें सारें शहर टार्टननें नटलें. अमुक घराण्याचा अमुक चौकडा, ही जी व्यवस्था आज अनादि वाटते ती बरीचशी ह्याच सुमारास घट्ट झाली. आपल्याकडेही पुष्कळ 'सनातन' चालींचें वय काढावयास बसलें तर शेंदीडशें वर्षेंच भरतें. तेव्हां हंसण्याचें कारण नाहीं. चौकडा मात्र खरोखर जुना आहे. ग्लेन अफ्रिक येथील दलदलींत सांपडलेला एक तुकडा इ. स. १५०० ते १६०० च्या दरम्यानचा ठरला असून तो २०२३ सालीं डंडी येथें लोकांस दाखविण्यांत आला. आणि २००९ पासून तर स्कॉटलंडांत टार्टनची सरकारी नोंदवही आहे. नवा चौकडा कोणीं रचला, त्यांत कोणत्या रंगाचे किती धागे, हें तींत लिहिलेलें असतें.

भाच्यानें तीन तुकडे पाठविले. एक यॉर्कशायरमधील गिरणीचा, वारास दहा-अकरा औंस वजनाचा. दुसरा सेलकर्क गांवचा, तेरा औंसी. तिसरा फोरफारचा, सोळा औंसी. हें वजन दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचें. पुऱ्या पुरुषाच्या किल्टास एकेरी पन्ह्याचें आठ वार, म्हणजे दुहेरी पन्ह्याचें चार वार कापड लागतें. सोळा औंसी कापडाचा किल्ट त्या हिशेबानें पावणेदोन किलोच्या वर जातो. आमची नऊवारी नेसणारी मंडळी उगीचच जड वस्त्राची तक्रार करतात असें मीं घरांत म्हटलें, आणि तें म्हणावयास नको होतें असें मला लगेच सांगण्यांत आलें.

इकडचे तुकडे मिळविणें कठीण गेलें. पहिला मीं शहरांतल्या एका दुकानांतून 'अस्सल घोंगडी' म्हणून आणला. आमच्या मजल्यावर एक भजनीबुवा आहेत. तीस वर्षें त्यांनीं गिरणींत साचेखात्यांत काढलीं. त्यांनीं तुकडा पाहिला, कांहीं बोलले नाहींत, त्यांतून एक धागा ओढून काढला आणि काडी लावली. खरी लोंकर जळतांना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढतांच ती विझते, आणि मागें राहिलेली काळी राख बोटांत चुरते. हा धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. "मास्तर," बुवा म्हणाले, "ह्या मेंढराला खनिज तेल पाजलं होतं." वाचकांनीं लोंकरीचें म्हणून कांहीं घेतांना एक धागा मागून घ्यावा, खरा व्यापारी नाहीं म्हणणार नाहीं.

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें माणदेशांतून काळ्या घोंगड्याचा तुकडा आणून दिला. 'बनगरवाडी' वाचलेल्यांस तो प्रदेश नवा नाहीं. दुसरा तुकडा कर्नाटकांतील चळ्ळकेरेच्या कांबळ्याचा, कडेस पांढऱ्या रेघा असलेला. तिसऱ्यासाठीं मी स्वतः कोल्हापूरास गेलों व तेथून हातकणंगले तालुक्यांतील पट्टणकोडोलीस. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठीं हें गांव प्रसिद्ध आहे. यात्रेंत भंडाऱ्याच्या उधळणीनें सारें गांव पिवळें होतें. माझ्यासारख्या दम्याच्या माणसानें तो दिवस टाळावा, आणि मीं टाळला.

तेथें सणगर समाजाचे एक वृद्ध कारागीर भेटले. खड्डामागावर पाय खालीं सोडून ते बसले होते. दख्खनी मेंढीची लोंकर कशी येते, तें त्यांच्याकडून समजून घेतलें. मेंढी वर्षांतून दोनदां कातरतात. दोन्ही कातरण्या मिळून एका जनावराची लोंकर किलोभरही भरत नाहीं. ती पिंजावयाची, धनगरांच्या बायकांनीं सूत काढावयाचें, आणि सणगरांनीं विणावयाचें, अशी ही जुनी वांटणी. ताण्यास चिंचोक्याची खळ देऊन मोठ्या कुंचल्यानें ती धाग्यावर बसवितात. नव्या घोंगड्याचा जो ताठरपणा असतो तो बराचसा ह्या खळीचा, आणि दोन-चार धुण्यांत तो जातो. लोंकरींतही भेद आहे. कोंकराची पहिली कातरलेली लोंकर ती जावळ. आपण मुलाच्या पहिल्या केसांस म्हणतों तोच शब्द. ती सर्वांत मऊ. पांढरें जावळ निराळें काढून ठेवलेलें त्यांच्याकडे थोडें होतें, कारण ह्या मेंढ्या बहुतेक काळ्या-करड्या.

मीं खिशांतून टार्टनचे तुकडे काढून त्यांच्या हातीं दिले. त्यांनीं ते डोळ्यांजवळ न नेतां आधीं अंगठ्याखालीं घांसून पाहिले. "धागा यंत्राचा हाय, गुरुजी. खळ न्हाई. पर मापांत हाय." मग सोळा औंसी तुकडा उलटून पाहून म्हणाले, "दोन्ही अंगानं सारखा. हे चांगलं केलंय." मीं त्यांस सांगितलें कीं, तिकडे गिऱ्हाईक येतें तें इतक्या वजनाचें, इतक्या पन्ह्याचें, असें मागतच येतें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर जावळाचा पेळू माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ही लोंकर मऊ हाय, पर मऊ हाय म्हणून कोण मागत न्हाई. इचारत्यात काय, तर सगळ्यांत स्वस्त कंचं."

त्यांच्या ह्या बोलण्यांत पुष्कळ अर्थ आहे. दख्खनी लोंकर जाडीभरडी. मेरिनोच्या केसाच्या दुपटीइतका वा त्याहून जाड तिचा केस. बाहेरून आलेली मऊ लोंकर आणि यंत्राची स्वस्त ब्लँकेटें ह्यांच्यापुढें ती टिकली नाहीं. मेंढपाळांस आतां पैसा मिळतो तो मांसाचा. म्हणून जत भागांतील माडग्याळी व दक्षिणेकडील नेल्लोरी अशा अंगानें थोराड पण लोंकरीनें दुबळ्या जातींशीं संकर होत गेला. कातरणी केली नाहीं तर जनावरास त्रास होतो, म्हणून पुष्कळ ठिकाणीं धनगर उलट पैसे देऊन मेंढ्या कातरून घेतात आणि लोंकर टाकून देतात. तिकडे सरकारच्या कायद्यानें छत्तीस वर्षें बंद पडलेलें वस्त्र उठून उभें राहिलें. इकडे कोणीं बंदी घातली नाहीं, कोणीं मना केलें नाहीं, आणि धाबळी गेली. माझ्या मतें ह्याचें कारण केवळ दारिद्र्य नव्हे. पारख करून मागणारा गेला हें त्याहून मोठें कारण. माझ्या वडिलांच्या पिढींत धाबळी घेतांना ती गालास लावून पाहत. माझ्या पिढीनें तो गाल पुढें केला नाहीं.

पारखीची विद्या आपल्याकडे नव्हती असें कोणीं म्हणूं नये. १९०९ सालीं शामशास्त्र्यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांत, राजाच्या कोशांत काय घ्यावें याची परीक्षा सांगतांना लोंकरी वस्त्रांचा सविस्तर विचार आहे. रंग कोणते, विणण्याचे व जोडण्याचे प्रकार कोणते, कांबळीं किती जातींचीं, हें सर्व मोजून सांगितलें आहे. नेपाळांतील, आठ तुकडे जोडून केलेल्या, पाऊस न शिरणाऱ्या काळ्या कांबळ्याचीहि नोंद आहे. आणि उत्तम लोंकर कशी ओळखावी? तर स्पर्शास निसरडी, जणू ओलसर, बारीक व मऊ. 'ओलसर' हा शब्द मला पूर्वीं कधींच नीट कळला नव्हता. वर्गांत मी तो 'जणू भिजलेली' असा शब्दशः सांगून पुढें जात असें. सेलकर्कचा तुकडा उन्हाळ्याच्या दुपारीं हातांत घेतला तेव्हां तो गारवा बोटांस लागला आणि सूत्राचा अर्थ उलगडला.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. निरी धरून राहण्याची कसोटी मीं अशी केली: प्रत्येक तुकड्यास चार निऱ्या घातल्या, रात्रभर आपट्यांच्या संस्कृत कोशाखालीं दाबून ठेवल्या, आणि सकाळीं उभ्या धरल्या. हलक्या यॉर्कशायरी तुकड्याच्या निऱ्या दुपारपर्यंत सैल झाल्या. तेरा औंसीच्या टिकल्या. सोळा औंसीच्या तर अशा सरळ पडल्या कीं बुवांनीं "वा!" म्हटलें. किल्ट करणारे जाणते लोक जड कापड कां मागतात, तें तेव्हां कळलें. कापड आपल्याच भारानें खालीं ओढतें आणि चुणी चुणीवर बसते. माणदेशी घोंगड्याला निरी पडलीच नाहीं. तें वांकलें, दुमडलें नाहीं. चळ्ळकेरेच्या तुकड्याला पडली, पण जाड. जावळाच्या तुकड्याची निरी गोल, फुगीर, रेशमी धोतरासारखी धारदार नव्हे. परंतु धाबळीस चुणीदारपणा लागतो कोठें?

विणींतही फरक. टार्टनची वीण तिरपी, दोन धागे वर आणि दोन खालीं, एकेक धागा सरकत जाणारी. त्यामुळें जाड असूनही कापड लवतें. आमच्या घोंगड्याची वीण साधी, एक वर एक खालीं. ती घट्ट व ताठ. बुवांनीं भिंग लावून चौकड्याचे धागे मोजले आणि उभे-आडवे सारखे भरतात असें सांगितलें. ते नसते भरले तर चौरसाचा लंबचौरस होतो, आणि मागें चुण्या घालतांना चौकडा चौकड्याशीं जुळत नाहीं. किल्टाच्या खालच्या कडेस दुमड घालीत नाहींत. मागावरची मूळ कडाच गुडघ्यावर येते, म्हणून ती कडा स्वच्छ व सपाट हवी. तिन्ही तुकड्यांत ती तशी होती.

पाण्याच्या परीक्षेंत माणदेशानें सर्वांस मागें टाकलें. पाण्याचे थेंब त्यावर मोत्यांसारखे उभे राहिले. धनगर भरपावसांत खोपेच्या खोळीखालीं निर्धास्त उभा राहतो तो ह्याच बळावर. मात्र एकदां पुरतें भिजलें कीं तें वाळत नाहीं. आणि 'भिजत घोंगडें' हा आपला वाक्प्रचार किती अनुभवाचा आहे, तें आमच्या गॅलरींत तीन दिवस लोंबणाऱ्या त्या तुकड्यानें मला पटवून दिलें.

राहिलें टोचणें. सामान्य समजूत अशी कीं जड कापड टोचतें व हलकें टोचत नाहीं. तसें नाहीं. टोचतें तें धाग्याबाहेर आलेलें जाड केसाचें टोंक. सोळा औंसी टार्टन दहा औंसीपेक्षां तिळमात्रही अधिक टोचलें नाहीं, कारण त्याची लोंकर बारीक, विंचरून समांतर केलेली व पिळाची. माणदेशी तुकडा मानेस लावतांच मी तो काढून ठेवला. जावळाचा माझ्या कातडीस सोसला. पण माझी कातडी मुलाची नव्हे. म्हणून तो तुकडा टपालानें एडिंबरोस पाठविला. मुलानें तो सदऱ्याच्या आंत बांधून शाळेंत नेला. पहिल्या दिवशीं खाज आली, पुरळ मात्र उठला नाहीं. रिठ्याच्या पाण्यांत तीनदां धुतल्यावर, त्याच्याच शब्दांत, "आतां तो गप्प बसतो."

शास्त्रार्थाचा प्रश्न माझ्याकडे होता. उपनयनाच्या वेळचीं वस्त्रें सांगतांना मनूनें दुसऱ्या अध्यायांत लोंकर वैश्य ब्रह्मचाऱ्याकडे दिली आहे, ब्राह्मणाकडे ताग. आमच्या एका शास्त्रीबुवांनीं हें मोठ्या उत्साहानें पुढें आणलें. त्यांस मीं आपस्तंब दाखविला. त्यानें मेंढ्याचें कातडें सर्व वर्णांस मोकळें ठेवलें असून त्यालाच कांबळ्याची जोड दिली आहे. शिवाय आमचा प्रश्न मुंजीच्या दिवसाचा नसून रोजच्या संध्येचा. किल्ट शिवलेला असतो, म्हणून तो किल्ट ह्या रूपानें सोवळ्यास निरुपयोगी. न कापलेलें, न शिवलेलें टार्टन मात्र लोंकरच आहे. निळ्या रंगाचा आक्षेप निघाला. नीळ लावलेलें वस्त्र निषिद्ध खरें, परंतु कांबळें व रेशीम यांस तो दोष नाहीं अशी सवलत निबंधकारांनीं दिलेली आहे. नव्या वस्त्राच्या लक्षणांत पांढरेपणा, कोरेपणा आणि दशा सांगितल्या आहेत. गंमत अशी कीं, किल्टाच्या पुढच्या पदराच्या कडेलाही धागे सोडून दशा ठेवतात.

शेवटचा शब्द माझ्या बहिणीचा, म्हणजे मुलाच्या आजीचा. तिनें दोन्ही तुकडे मांडीवर घेतले, माझें सर्व प्रवचन ऐकलें आणि म्हणाली, "दादा, लोंकर ती लोंकर. तिकडची मेंढी कांहीं ओंवळी नाहीं. पण पोरानें देवापुढें बसतांना इकडचें नेसावें, आणि थंडी वाजली तर तिकडचें पांघरावें." ह्यावर वाद घालण्यासारखें मला कांहीं सांपडलें नाहीं. त्याप्रमाणें भाच्यास लिहिलें आहे कीं, पांघरण्यास तेरा औंसी टार्टन, दुहेरी पन्ह्याचें दोन वार, पन्हा न कापतां, दोन्ही टोंकांस धागे सोडून घ्यावें. सोळा औंसी कापड उत्तम खरें, पण तें निऱ्यांसाठीं उत्तम; आठ वर्षांच्या खांद्यावर तें ओझें होईल. चौकडा गर्द निळा-हिरवा, पलटणींचा म्हणून ओळखला जाणारा घ्यावा, कारण तो कोणाही एका घराण्याचा नाहीं व कोणीही पांघरला तरी चालतो. किमतीबद्दल इतकेंच सांगतों कीं, ह्या कापडाच्या एका वाराला तिकडे जें पडतें त्यांत पट्टणकोडोलीस अख्खी धाबळी विणून होते. हें ऐकून भाच्यानें कारागिरास सांगितलेल्या किमतीहून अधिक द्या असें कळविलें. कारागिरानें अधिक घेण्याचें नाकारलें, मात्र दुसरी एक धाबळी विणावयास मागितली. ती मीं माझ्यासाठीं सांगितली आहे.

निगराणीबद्दल दोन शब्द, कारण हें विचारणारीं पत्रें मागाहून येतात. मनूनें रेशीम व लोंकर खाऱ्या मातीनें शुद्ध करावी आणि डोंगरी कांबळीं रिठ्यानें, असें पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे. पहिला अर्धा भाग आजच्या घरीं पाळूं नये. खार लोंकरीचा केस खातो. सर्वांस रिठाच वापरावा, पाणी कोंबट असावें, पिळूं नये, सांवलींत पसरून वाळवावें. कसरीस कडुलिंबाचा वाळलेला पाला चालतो, पण त्याहून बरें म्हणजे वस्त्र वापरांत ठेवणें. कसर पेटींत लागते, अंगावर लागत नाहीं.

पांढरें जावळ पुढच्या कातरणीस पुरेसें मिळेल आणि तेव्हां माग मांडतां येईल, असा निरोप आला आहे. माप मीं लिहून दिलें आहे: मुलाची चार हात लांब, दोन हात रुंद, माझी सहा हात, दोन्ही टोंकांस चार बोटें दशा, रेघ नको, रंग नको, आणि ताण्यास खळ जितकी कमी चालेल तितकी.